‘घरबसल्या काम’ : शेवटचे साडेतीस तास

हा घटनाक्रम कोण्या एकीचा नाही. ‘टास्क फ्रॉड’चा साचा ठरलेला असतो, त्या साच्यातून ही बाई उभी केली आहे. रकमा आणि वेळा नमुन्याच्या, क्रम मात्र खरा.

बुधवार, सकाळी १०.१० (साडेतीस तास आधी)
डबे गेले, मशीन लावलं, चहा घेऊन ती बसली. व्हॉट्सॲपवर मेसेज आला : हॉटेलांना गूगल मॅपवर पाच तारे द्यायचे, एका रिव्ह्यूचे ५० रुपये. नंबर +९१ने सुरू होत नव्हता. पण कालच तिने ‘घरून काम’च्या एका जाहिरातीत स्वतःचा नंबर भरला होता, त्यामुळे तिला वावगं वाटलं नाही. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने असल्या शंभरहून अधिक वेबसाइट बंद केल्या, तेव्हाच सांगितलं होतं : ‘घर बैठे जॉब’ असे शब्द वापरून जाहिराती सोडतात आणि रोख असतो निवृत्त माणसं, बायका आणि बेकार तरुणांवर.

१०.५५ (पावणेतीस तास आधी)
तीन हॉटेलं, तीन स्क्रीनशॉट. व्हॉट्सॲपवर मिळालेला कोड टेलिग्रामवरच्या ‘रिसेप्शनिस्ट’ला, म्हणजे पैशांचं पाहणाऱ्या टोळीतल्या माणसाला, पाठवला आणि खात्यात १५० रुपये जमा! खरं तर ती इथेच अडकली. लोक म्हणतात, लोभ नडला. मला ते पटत नाही. काम केलं, मोबदला मिळाला, यात लोभ कसला? फक्त पैसे कुणाकडून आले ते तिने पाहिलं नाही. नोंदीत कंपनीचं नाव नाही, कुणातरी परक्या माणसाचं आहे. खातं भाड्याचं, आणि ते दीडशे बहुधा तिच्याआधी फसलेल्या कुणाचे तरी. त्याने तक्रार केली तर हिचंही खातं गोठू शकतं.

दुपारी १.४० (सत्तावीस तास आधी)
‘प्रीपेड टास्क’. १,००० भरा, १,३०० घ्या. मिळालेही. ह्यांना आत्ताच सांगायचं नाही, महिनाअखेरीला एकदम हातात पैसे ठेवू, असं तिने ठरवलं.

गुरुवार, सकाळी ११.१० (साडेपाच तास आधी)
आता चौघांचा वेगळा ग्रुप. १२,००० भरले. वेबसाइटवर तिच्या नावापुढे १६,२०० दिसू लागले. तो नुसता टाइप केलेला आकडा, मागे रुपया नाही. काढायला गेली तर ‘टास्क अर्धवट आहे’. ३६,००० भरले.

दुपारी १.०५
तिच्याकडून म्हणे चुकीचं बटण दाबलं गेलं आणि सगळ्यांचे पैसे अडकले. बाकीचे तिघे तुटून पडले : ‘ताई, मी दागिने गहाण ठेवून भरलेत हो, टास्क पूर्ण करा ना.’ हे तिघे म्हणजे एकाच माणसाच्या हातातले तीन फोनही असू शकतात. आणि तो माणूसही कदाचित नोकरीच्याच जाहिरातीला भुललेला : मार्च २०२५मध्ये म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५००हून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं होतं.

मागणी ९०,००० ची. यूपीआयची दिवसाची लाखाची मर्यादा आडवी आली, तशी ‘रिसेप्शनिस्ट’ने आयएमपीएसची वाट दाखवली. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेली १,८०,००० ची एफडी तिने मोबाइलवरच मोडली. पूर्वी शाखेत जावं लागे. खिडकीपलीकडचा क्लार्क ‘काय हो, मध्येच मोडताय?’ एवढं तरी विचारायचा. ॲपने फक्त व्याज किती कमी मिळेल ते सांगितलं.

३.५० (पन्नास मिनिटं आधी)
‘तुमचा क्रेडिट स्कोअर ८० वर आलाय, तो १०० करा, शिवाय कर भरा.’ एकूण ८४,०००. प्राप्तिकर कुणाच्या खासगी खात्यात भरत नाहीत, हे बी.कॉम. झालेल्या तिला चांगलं ठाऊक. पण आता कमाईचा प्रश्नच उरला नव्हता. स्वतःचेच १,३८,००० सोडवायचे होते.

४.४० (शून्य)
८४,००० गेले. एकूण २,२२,०००.

त्यानंतर
माझ्या मते मोठा घात पुढच्या तासांनी केला. तिने तेव्हाच १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा हेल्पलाइन क्रमांक लावला असता, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक सांगितला असता, तर तक्रार थेट संबंधित बँकेकडे गेली असती. पैसे खात्यात असतील तर तिथेच रोखतात, पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळवतात. सगळी शर्यत मिनिटांची. ती मात्र मेथी निवडत बसली. ह्यांना काय तोंड दाखवू, आई काय म्हणतील? रात्रभर पांघरुणात ‘सर, प्लीज’ असे मेसेज पाठवत राहिली. तोवर रकमेचे तुकडे होऊन अनेक खात्यांत पांगले. काही एटीएममधून रोखीत निघाले, काही क्रिप्टोत गेले.

शुक्रवार, सकाळी ९.२० (१६ तास ४० मिनिटं उशिरा)
एफडी मोडल्याचा मेसेज नवऱ्याने पाहिला. ओरडण्याआधी त्याने १९३० फिरवला, एवढं तिचं नशीब म्हणायचं. एका खात्यात ११,४०० सापडले, ते रोखले गेले. बँकेचं म्हणणं : पिन तुम्हीच टाकलात.

दुपारी २.१५
टेलिग्रामवर नवा मेसेज : ‘अडकलेली रक्कम मिळवून देऊ. फी आगाऊ, फक्त ५,०००.’ हे पाठवणारेही पुष्कळदा आधीच्याच टोळीतले असतात. कोण किती बुडालं, याची यादी त्यांच्याचकडे असते.