आश्रमशाळांतील विद्यार्थी व कर्मचारी सुरक्षा (महाराष्ट्र)

आश्रमशाळांतील सुरक्षा या संज्ञेत महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित निवासी शाळांमधील विद्यार्थी, शिक्षक, अधीक्षक व अन्य कर्मचारी यांच्या शारीरिक, लैंगिक व मानसिक संरक्षणाच्या व्यवस्थेचा समावेश होतो. आश्रमशाळेतील मूल वर्षातील बहुतेक महिने दिवसरात्र शाळेच्या आवारातच असते. त्यामुळे इतर शाळांमध्ये पालक, शाळा व आरोग्ययंत्रणा यांच्यात विभागली जाणारी जबाबदारी येथे जवळजवळ पूर्णपणे शाळेवर येते. नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसरासारख्या डोंगराळ, अतिपावसाच्या आणि जिल्हा मुख्यालयापासून दूर असलेल्या भागात या जबाबदारीचे स्वरूप विशेष स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

आदिवासी मुलांसाठी निवासी शिक्षणाची कल्पना स्वातंत्र्यपूर्व काळातील आहे. अमृतलाल ठक्कर ऊर्फ ठक्करबाप्पा यांनी १९२२ मध्ये गुजरातमधील दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ सुरू केले. त्यातून आश्रमशाळेचा नमुना पुढे आला. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात दादासाहेब बिडकर यांनी स्थापन केलेल्या डांग सेवा मंडळाने हे कार्य रुजविले. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ पासून आश्रमशाळा योजना राबविण्यास आरंभ केला. आज राज्यात सुमारे ५०० शासकीय आणि त्याहून काहीशा अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक येथे असून नाशिक, ठाणे, अमरावती व नागपूर येथे अपर आयुक्तांची कार्यालये आहेत. प्रत्यक्ष देखरेख एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडून होते.

आश्रमशाळेत मुख्याध्यापक व शिक्षक यांच्याखेरीज अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी आणि चौकीदार ही पदे महत्त्वाची असतात. शाळा सुटल्यानंतर मुलांचा ताबा अधीक्षकांकडे जातो. मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी अधीक्षिकेकडे असते. ही पदे रिक्त राहिल्यास किंवा एकाच व्यक्तीवर अनेक कामे पडल्यास रात्रीची देखरेख कमकुवत होते.

हरसूल परिसर

हरसूल हे नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, गुजरात सीमेलगतच्या पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव आहे. परिसरात कोकणा, वारली व महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती असून ती पाड्यांमध्ये विखुरलेली आहे. हरसूल येथे पोलीस ठाणे आणि ग्रामीण रुग्णालय आहे, परंतु नाशिक शहरातील जिल्हा रुग्णालय घाटरस्त्याने ५० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे.

पावसाळ्यात ओढे व नद्या भरल्यावर अनेक पाड्यांचा संपर्क तुटतो. याच तालुक्यातील खरशेत ग्रामपंचायतीच्या शेंद्रीपाडा येथील रहिवाशांना नदीवर आडव्या टाकलेल्या लाकडी ओंडक्यांवरून ये-जा करावी लागत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये तेथे लोखंडी पूल बसविण्यात आला. त्याच वर्षीच्या जुलैमधील पुरात तो वाहून गेला. शाळेपर्यंतचा रस्ता हादेखील सुरक्षेचाच भाग असल्याचे अशा उदाहरणांतून दिसते.

खरिपाची कामे संपल्यावर त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाड भागातील द्राक्षबागांत मजुरीसाठी जातात. या काळात पालकांशी संपर्क साधणे कठीण होते. मूल आजारी पडल्यास किंवा त्याला काही सांगायचे असल्यास जवळचा प्रौढ म्हणजे शाळेतील कर्मचारीच असतो. घरी कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या लहान मुलांना प्रमाण मराठीत तक्रार मांडणे अवघड जाते, ही आणखी एक अडचण आहे.

प्रमुख धोके

आजार व मृत्यू

आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. ताप, मलेरिया, सिकलसेलची गुंतागुंत, सर्पदंश, पाण्यात बुडणे, विजेचा धक्का आणि आत्महत्या ही त्यांची ज्ञात कारणे आहेत. या मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी राज्याचे माजी आरोग्य महासंचालक डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने २०१६ मध्ये आपला अहवाल राज्यपालांना सादर केला.

आजारी विद्यार्थ्याला उपचारांऐवजी पालकांच्या ताब्यात देऊन घरी पाठविण्याची पद्धत विशेष धोकादायक मानली जाते. पाडा रुग्णालयापासून शाळेपेक्षाही दूर असल्यास उपचारास होणारा विलंब वाढतो. शिवाय मृत्यू घरी झाल्यास त्याच्या कारणाची वैद्यकीय नोंद होण्याची शक्यता कमी होते. यावर उपाय म्हणून नियमित आरोग्य तपासणी, आजारी मुलांसाठी स्वतंत्र खोली आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेद्वारे थेट रुग्णालयात हलविणे यांवर भर दिला जातो.

सर्पदंश

महाराष्ट्रात वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे चार विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी मण्यार निशाचर असून जमिनीवर झोपलेल्या व्यक्तींना तिचा दंश होण्याचे प्रमाण अधिक आहे. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसते, त्यामुळे तो लक्षात येत नाही. पोटदुखी, पापण्या जड होऊन मिटणे, गिळण्यास व पुढे श्वास घेण्यास त्रास होणे ही लक्षणे काही तासांनी दिसतात. म्हणून रात्री किंवा पहाटे एखाद्या मुलाच्या अचानक पोटात दुखू लागल्यास आणि त्याचे डोळे मिटू लागल्यास सर्पदंशाची शक्यता गृहीत धरावी लागते.

दंश झालेला अवयव न हलविता रुग्णाला धीर देऊन सर्पविषरोधक लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच योग्य उपाय आहे. जखम कापणे, विष चोखणे, दोरीने घट्ट आवळणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांमुळे हानी होते. झोपण्यासाठी पलंग, मच्छरदाणी, दारांखालील फटी बुजविणे, आवारातील गवत व अडगळ काढणे आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवे लावणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत.

अन्न व पाणी

काही आश्रमशाळांना मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून भोजन पुरविले जाते. नाशिक जिल्ह्यातील मुंढेगाव व पालघर जिल्ह्यातील कांबळगाव येथे अशी स्वयंपाकगृहे उभारण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील अनेक आश्रमशाळांतील दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना एकाच वेळी विषबाधा झाली. या सर्व शाळांना कांबळगाव येथून भोजन जात होते. मध्यवर्ती पद्धतीत स्वच्छतेवर व दर्जावर एका ठिकाणी नियंत्रण ठेवता येते, परंतु एका ठिकाणची चूक अनेक शाळांपर्यंत पोहोचते. वाहतुकीस लागणारा वेळ व अन्नाचे तापमान हे घटक त्यामुळे निर्णायक ठरतात. वाटपापूर्वी प्रौढांनी अन्न चाखणे आणि नमुना राखून ठेवणे ही किमान दक्षता समजली जाते.

इमारत व आग

जुन्या किंवा भाड्याच्या इमारतींत दिवसा वर्ग म्हणून वापरलेल्या खोल्याच रात्री झोपण्यासाठी वापरल्या जातात. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे म्हटले आणि अग्निसुरक्षेबाबत निर्देश दिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. निवासी शाळेत रात्री दाराला बाहेरून कुलूप लावणे हे आग लागल्यास प्राणघातक ठरू शकते.

लैंगिक अत्याचार

नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातल्या पाळा येथील अनुदानित आश्रमशाळेत विद्यार्थिनीवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. शासनाने शाळेची मान्यता रद्द केली. निवासी शाळांमध्ये मुलींच्या वसतिगृहात पुरुष कर्मचाऱ्यांचा वावर, अधीक्षिकेची अनुपस्थिती आणि तक्रारीसाठी स्वतंत्र मार्ग नसणे हे प्रश्न या प्रकरणामुळे पुढे आले.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत दोन बालिकांवर पुरुष कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा गुन्हा दाखल झाला. तक्रार नोंदविण्यास झालेल्या दिरंगाईच्या निषेधार्थ २० ऑगस्ट रोजी नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पुढे शाळांतील सुरक्षेचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही शाळा निवासी नव्हती, परंतु त्यानंतरच्या नियमांचा परिणाम राज्यातील सर्व शाळांवर झाला.

कायदेशीर चौकट

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. १८ वर्षांखालील मुलगे व मुली या दोघांनाही तो लागू आहे. शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचारीवर्गातील व्यक्तीने केलेला अपराध गंभीर स्वरूपाचा मानला जातो. कलम १९ नुसार अपराध घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे. संस्थेने आधी स्वतः चौकशी करून खातरजमा करावी, अशी अट कायद्यात नाही. माहिती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालील व्यक्तीच्या अपराधाची माहिती न देणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दायित्व येत नाही आणि खोट्या तक्रारीबद्दल बालकाला शिक्षा करता येत नाही.

बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने व गणवेशाविना घ्यावा लागतो. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात थांबविता येत नाही. भाषा समजत नसल्यास दुभाषा देण्याची तरतूद आहे. हरसूलसारख्या बहुभाषिक भागात तिचे महत्त्व अधिक आहे. प्रसारमाध्यमांना बालकाची ओळख उघड करण्यास मनाई असून यात शाळेच्या नावाचाही समावेश होतो. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणे संस्थेवर बंधनकारक आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये ताब्यातील बालकाशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा ठरविला आहे.

शालेय पातळीवरील यंत्रणा

महाराष्ट्र शासनाने १० मार्च २०२२ च्या निर्णयाने शाळा, केंद्र व तालुका किंवा शहर स्तरावर सखी सावित्री समिती स्थापन करण्याचे आदेश दिले. मुलामुलींच्या नोंदणीपासून बालविवाह रोखण्यापर्यंतची कामे या समितीकडे आहेत. २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पूर्वचारित्र्य पडताळणी यांबाबत शाळांना सूचना देण्यात आल्या.

यांतील प्रत्येक साधनाला मर्यादा आहेत. कॅमेरे प्रवेशद्वार, मार्गिका व आवारात उपयोगी पडतात. शयनकक्ष व स्नानगृहांत मुलांच्या खासगीपणामुळे ते लावता येत नाहीत आणि वीज खंडित झाल्यास ते बंद पडतात. तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्याच्याकडेच असेल, तर पेटीचा हेतू साध्य होत नाही. ज्या लहान मुलांना अद्याप नीट लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी विश्वासातील प्रौढ व्यक्ती आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी हे मार्ग अधिक उपयुक्त ठरतात. मुलांना सहज वापरता येईल असा दूरध्वनी आवारात असणे ही त्यासाठीची पूर्वअट आहे.

कर्मचाऱ्यांची सुरक्षा

दुर्गम भागातील अधीक्षिका व शिक्षिका अनेकदा शाळेच्या आवारातील निवासस्थानी एकट्या राहतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती आवश्यक आहे. त्याहून लहान आस्थापनांतील किंवा थेट नियोक्त्याविरुद्धच्या तक्रारी जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे करता येतात.

नोकरीतील अस्थिरतेचाही सुरक्षेशी संबंध आहे. अनेक पदांवर रोजंदारी किंवा तासिका तत्त्वावर कर्मचारी काम करतात. २०२५ मध्ये आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोताद्वारे भरतीच्या विरोधात नाशिक येथील आदिवासी विकास भवनासमोर दीर्घ आंदोलन केले. कर्मचारी वारंवार बदलल्यास पडताळणी दरवेळी नव्याने करावी लागते, मुलांशी विश्वासाचे नाते तयार होत नाही आणि गैरप्रकार दिसूनही नोकरीच्या भीतीने तो न सांगण्याची शक्यता वाढते.

पालक व ग्रामसमाजाचा सहभाग

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे अपेक्षित आहे. आश्रमशाळेतील मुले अनेक गावांतून येत असल्याने सर्व पालकांना बैठकीस येणे शक्य होत नाही. बाजाराच्या दिवशी बैठक ठेवणे, सुट्टीनंतर मुले परत येताना पालकांशी बोलणे आणि न परतलेल्या प्रत्येक मुलामुलीचे कारण शोधणे हे व्यवहार्य मार्ग आहेत. दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत न येणारे मूल आजारी असू शकते, मजुरीला गेलेले असू शकते, त्याचे लग्न झालेले असू शकते किंवा शाळेत घडलेल्या एखाद्या घटनेमुळे ते परतण्यास घाबरत असू शकते. हजेरीपटावरील गैरहजेरी हा म्हणूनच सुरक्षेचाही निदर्शक मानला जातो.

हे सुद्धा पहा

आदिवासी विकास विभाग (महाराष्ट्र)
हरसूल
त्र्यंबकेश्वर तालुका
लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२
ठक्करबाप्पा
सर्पदंश