वापरलेल्या प्रोसेसरांची पारख : शिक्का, वाणी आणि कसोटी

इसवी सन १९८७ मध्ये इंटेल ह्या अमेरिकी कंपनीपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी तिने प्रसिद्ध केलेल्या ८०३८६ ह्या प्रोसेसरच्या काही नगांत बत्तीस-बिटी गुणाकार विशिष्ट परिस्थितीत चुकत असे. दोष सर्वच नगांत नव्हता, आणि सदोष नग कोणता व निर्दोष कोणता हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अशक्य होते. तेव्हा नग तपासण्यात आले. जे कसोटीस उतरले त्यांच्यावर ग्रीक लिपीतील सिग्मा हे अक्षर दोनदा उमटविण्यात आले. जे उतरले नाहीत तेही टाकून देण्यात आले नाहीत. ‘केवळ सोळा-बिटी सॉफ्टवेअरसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्यांच्यावर छापण्यात आली. त्या काळी प्रचारात असलेले बहुतेक सॉफ्टवेअर सोळा-बिटीच होते, त्यामुळे असा नग सामान्य ग्राहकाला निरुपयोगी नव्हता.

वापरलेल्या प्रोसेसरांचे पुढे काय होते ह्या प्रश्नाचा विचार करताना हा प्रसंग लक्षात ठेवणे अवश्य आहे. जुना प्रोसेसर झिजला म्हणून भंगारात जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. प्रोसेसरला हलणारे भाग नसतात. त्याच्या आतील सूक्ष्म तारांतील धातूचे कण विद्युत्प्रवाहाने हळूहळू सरकत जातात हे खरे. परंतु ही झीज इतकी मंद असते की मदरबोर्डावरील कपॅसिटर, पंखे आणि डिस्क बहुधा त्याच्या आधी निकामी होतात. संगणक मोडीत निघतो तेव्हा त्यातील प्रोसेसर पुष्कळदा धडधाकट असतो. मग तो पुन्हा वापरात जावयाचा की आम्लात विरघळावयाचा, हे कशावर ठरते? ते त्याच्या प्रकृतीपेक्षा तो वाचता येणारा मनुष्य भेटतो की नाही, ह्यावर अधिक ठरत आले आहे.

मराठी वाचकास ह्या ठिकाणी पोतदाराची आठवण व्हावी. मराठेशाहीत नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. नाण्याला दोन मोले असत : एक शिक्क्याचे, दुसरे धातूचे. शिक्का वाचता आला नाही किंवा त्यावरचा विश्वास उडाला, म्हणजे उरते ते केवळ धातूचे मोल. प्रोसेसरची गोष्ट ह्याहून फारशी निराळी नाही.

प्रथम शिक्क्याचा विचार करू. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून कापलेले सर्व तुकडे सारख्या गुणाचे निघत नाहीत. कारखान्यात त्यांची निरनिराळ्या वेगांवर परीक्षा होते आणि जो ज्या वेगापर्यंत बिनचूक चालतो त्याप्रमाणे त्यावर आकडा छापला जातो. आकाराने व रचनेने एकच असलेल्या दोन नगांतील भेद सांगणारा पुरावा म्हणजे झाकणावरील ती छापील ओळ. इंटेलच्या नगांवर ह्याखेरीज एक लहानसे सांकेतिक पद असते. ‘एस’ ह्या इंग्रजी अक्षराने ते सुरू झाले तर नग विक्रीसाठी बनविलेला, ‘क्यू’ने सुरू झाले तर तो चाचणीचा नमुना, एवढा बोध जाणत्यास पहिल्या अक्षरावरूनच होतो. परंतु छापील ओळ पुसता येते. १९९० नंतरच्या दशकात कमी वेगाच्या नगाचे झाकण घासून त्यावर अधिक वेगाचा आकडा छापण्याचा धंदा चांगलाच फोफावला. बनावट ताम्रपट करणाऱ्याप्रमाणेच ह्या बनावटकारालाही मूळ लेखाची लकब बारकाईने ठाऊक असावी लागे. त्याचे फावले ह्याचे आणखी एक कारण असे की, कारखाना आकडा छापताना थोडी सुरक्षित कसर ठेवीत असल्यामुळे खोट्या आकड्याचा नगही काही काळ चालत राही. १९९८ च्या सुमारास इंटेलने वेगाचा गुणक चिपच्या आतच कायम करून टाकला, तेव्हा ह्या धंद्यास काहीसा आळा बसला.

शिक्क्यावर विसंबता येत नाही म्हटल्यावर परीक्षकाने प्रोसेसरलाच बोलते करावयाचे, हा पुढचा टप्पा होय. सुरुवातीच्या प्रोसेसरांना स्वतःचे नाव सांगता येत नसे. त्यांची ओळख त्यांच्या लकबीवरून पटवावी लागे. ‘ळ’चा उच्चार ऐकून बोलणाराचा मुलूख ओळखावा, तसाच हा प्रकार होता. ८०८६ मध्ये फ्लॅग रजिस्टरचे वरचे चार बिट काहीही केले तरी एकच राहत. ८०२८६ मध्ये ते प्रारंभीच्या स्थितीत शून्य राहत. ८०३८६ मध्ये त्यांतील काही बदलता येत. प्रोग्रामाने ते बदलून पाहावे आणि पाहुण्याची जात ठरवावी. १९९३ मध्ये पेंटियमबरोबर सीपीयूआयडी ही आज्ञा रूढ झाली, आणि विचारल्यावर प्रोसेसर ‘जेन्युइन इंटेल’ किंवा ‘ऑथेंटिक एएमडी’ अशी बारा इंग्रजी अक्षरांची ग्वाही देऊ लागला. आपण अस्सल आहोत असे ज्याला स्वमुखाने सांगावे लागते, त्याच्या भोवतीचा बाजार कसा असेल ह्याची कल्पना ह्या शब्दांवरूनच येते. तथापि ह्या ग्वाहीत कुल, नमुना आणि आवृत्ती एवढेच असे. कारखान्याने मंजूर केलेला वेग नसे. नेमकी खोटेपणाची जागा मोकळीच राहिली. इंटेलच्या बाबतीत ती २००० सालच्या पेंटियम-४ पासून बुजली. त्यापूर्वी १९९९ मध्ये पेंटियम-३ च्या प्रत्येक नगास ९६ बिटांचा स्वतंत्र क्रमांक देण्याचा प्रयत्न झाला होता. त्यामुळे एकेका नगाचा माग काढणे सुकर झाले असते. पण वापरणाराच्या खासगीपणावर ते आक्रमण आहे अशी ओरड झाली आणि पुढच्या पिढीत तो क्रमांक गाळण्यात आला.

नाव खरे सांगितले म्हणून गणित बरोबर येतेच असे नाही. १९९४ मध्ये टॉमस नाइसली ह्या अमेरिकी गणितज्ञास जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना पेंटियमचा भागाकार चुकतो असे आढळले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता १.३३३८२ यावे, तेथे सदोष नग १.३३३७३ असे उत्तर देई. इंटेलला ह्या प्रकरणी ४७.५ कोटी डॉलरांचा भुर्दंड सोसावा लागला. जुन्या पेंटियमची परीक्षा करणाराच्या हाती मात्र एक फुकटचा कसोटीचा दगड आला. पुढे मूळ संख्या शोधण्यासाठीच लिहिलेला प्राइम-९५ हा प्रोग्राम परीक्षकांनी आपलासा केला, कारण तो प्रोसेसरवर अतिशय ताण देतो आणि त्याची उत्तरे पडताळता येतात. २०१६ च्या आरंभी इंटेलच्या स्कायलेक पिढीतील एक दोष उघडकीस आला तोही ह्याच प्रोग्रामामुळे.

प्रत्यक्ष काम मात्र ह्या इतिहासाहून पुष्कळच नीरस असते. थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावयाची, म्हणजे अक्षरे दिसतात. पिना तिरप्या उजेडात धरून पाहावयाच्या. वाकलेली पिन बारीक पात्याने किंवा यांत्रिक पेन्सिलीच्या रिकाम्या टोकाने हळूच सरळ करावयाची. दुसऱ्यांदा वाकविलेली पिन बहुधा तुटते. मग सॉकेटात बसवून संगणक सुरू होतो का, सर्व स्मृती दिसते का, ताणाखाली तापमान आवरते का, हे क्रमाने पाहावयाचे. ह्याला वेळ लागतो, आणि प्रत्येक पिढीचा सॉकेट निराळा असल्यामुळे चालू स्थितीतील मदरबोर्डांचा मोठा संग्रह लागतो. ज्याच्याजवळ हा संग्रह नाही, त्याच्या लेखी प्रोसेसर मुका आहे.

आणि मुक्या नगांसाठी दुसरे वर्गीकरण तयारच असते. परीक्षकाचे वर्गीकरण अक्षरांवर उभे आहे, भंगाराच्या व्यापाऱ्याचे अंगावर : सिरॅमिक, सोनेरी झाकणाचा, काळा, हिरवा. भाव किलोवर. १९९५ चा पेंटियम प्रो ह्या यादीत मानाचा, कारण त्याच्या ३८७ पिनांना सोन्याचा मुलामा आहे. नंतरच्या नगांचे अंग प्लास्टिकवजा झाले व सोने घटले. ह्या व्यवहाराचे जे रूप चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील ग्वीयू येथे आणि दिल्लीत होते, ते २००२ च्या एका अहवालाने जगापुढे आणले : उघड्यावर आम्ल, धूर, आणि हातमोज्यांवाचून काम करणारी माणसे. पुढे २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सैन्यदलविषयक समितीने लष्करी साधनांत शिरलेल्या संशयित बनावट भागांची सुमारे १८०० प्रकरणे नोंदविली. भागांची संख्या दहा लाखांवर होती. जुन्या फलकांवरून उपटलेले, धुऊन रस्त्याकडेला वाळविलेले आणि घासून नव्याने छापलेले सुटे भाग त्यांत होते. म्हणजे एकाच ढिगातून काही वस्तू आम्लाकडे जात होत्या आणि काही खोट्या शिक्क्याकडे. खऱ्या परीक्षेचा मार्ग तेवढा ओस पडला होता.

ह्यात इतिहासाभ्यासकाचेही नुकसान आहे. ८०३८६ हा १३२ पिनांचा सिरॅमिक नग, म्हणजे किलोच्या भावात चढा. दोन सिग्मांची ती मुद्रा असलेले नग भंगाराच्या दृष्टीने अव्वल मालात मोडतात, आणि मुद्रा वाचण्याचे व्यापाऱ्याला काही कारण नसते.

भारतात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून अंमलात आले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाराची स्वतंत्र नोंदणी आहे, म्हणजे पारख्याला कायद्यात जागा मिळाली आहे.

पण दरम्यान प्रश्नाने कूस पालटली आहे. २०१० नंतरच्या दशकात डेटा सेंटरांतून निवृत्त झालेले झिऑन प्रोसेसर घरगुती संगणकांत येऊ लागले. ७७१ संपर्कबिंदूंचा झिऑन ७७५ च्या सॉकेटात बसविण्यासाठी दोन बिंदूंची अदलाबदल करणारी चिकटपट्टी आणि सॉकेटाच्या खाचेवर पात्याचा हलका हात एवढे पुरे होई. पुढे एएमडीच्या एपिक मालिकेत सुरक्षिततेसाठी अशी सोय करण्यात आली की, सर्व्हर बनविणाऱ्या कंपनीने ठरविल्यास पहिल्याच सुरुवातीला तिची किल्ली चिपमधील फ्यूजांत कायमची कोरली जाते. असा नग पूर्ण निरोगी असूनही दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डात सुरूच होत नाही. जुन्या प्रोसेसरांच्या विक्रेत्यांना त्यामुळे वेग व नमुना ह्यांच्या जोडीस ‘कुलूपबंद’ किंवा ‘खुला’ असे एक नवे विशेषण लिहावे लागते. हे विशेषण झाकणावर छापलेले नसते. ते खरे की खोटे हे नग परक्या फलकात बसवून पाहिल्यावर कळते.