पाठदुखी : आकलन व उपचार (सोलापूरच्या कष्टकऱ्यांच्या संदर्भात)

मानेपासून माकडहाडापर्यंतच्या भागात, विशेषतः कंबरेत, होणाऱ्या वेदनेस सामान्यतः पाठदुखी म्हणतात. बहुसंख्य रुग्णांत तिचे एकच एक निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. त्यामुळे तिच्या आकलनाचा इतिहास शरीररचनेइतकाच श्रमपद्धतीशीही निगडित आहे. सोलापूर शहर हे या संबंधाचे बोलके उदाहरण होय.

सोलापुरात हातमागाचा व्यवसाय जुना असून तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तो वाढविला. १८७४ मध्ये ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन झाली. ‘जुनी गिरणी’ म्हणून ती ओळखली जाई. पुढे इतर गिरण्या व त्यांच्यामागून यंत्रमाग आले. विणकर कुटुंबांतील अनेक स्त्रिया विड्या वळण्याच्या कामाकडे वळल्या. खड्डामागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो. पाठीस टेकण नसते, पायांनी पट्ट्या दाबाव्या लागतात आणि कापडावर सतत वाकून राहावे लागते. यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहावे लागते. विडी वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून जमिनीवर बसते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने मध्येच उठणे म्हणजे उत्पन्नात घट, असे समीकरण होते.

आयुर्वेदात पाठ व कंबरदुखीचा विचार वातव्याधींत केलेला आहे. चरकसंहितेत गृध्रसीचे वर्णन आढळते : वेदना कुल्ल्यापासून सुरू होऊन मांडी, गुडघा व पोटरीमार्गे पावलापर्यंत उतरते. स्नेहन, स्वेदन, बस्ती, शिरावेध व अग्निकर्म हे उपचार सांगितलेले आहेत. यूरोपात कोतून्यो यांनी १७६४ मध्ये अशा वेदनेचा संबंध तंत्रिकेशी (मज्जातंतूशी) जोडला. त्यापूर्वीच, १७०० मध्ये, इटालियन वैद्य रामाझीनी यांनी कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात बैठ्या कामाने शिंप्यांना होणाऱ्या कटिशूलाची नोंद केली होती. रुग्णास त्याचा व्यवसाय विचारावा, हा त्यांचा आग्रह व्यावसायिक वैद्यकाचा पाया ठरला.

बॉस्टन येथील मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दोन मणक्यांमधील चकती सरकून तंत्रिकेवर दाब येतो, हे शस्त्रक्रियांच्या आधारे दाखविले. त्यानंतर पाठदुखीचे मूळ चकतीतच शोधण्याची प्रवृत्ती बळावली. स्वीडनमधील नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकून बसल्यास तो उभे राहण्यापेक्षा अधिक असतो, असे दिसून आले. तथापि १९९४ मध्ये वेदना नसलेल्या ९८ व्यक्तींच्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा तपासल्या असता ५२ टक्के व्यक्तींत निदान एक चकती फुगलेली आढळली. प्रतिमेतील दोष म्हणजेच वेदनेचे कारण, हे समीकरण त्यामुळे टिकले नाही.

उपचारांतही असाच पालट झाला. पूर्वी दीर्घकाळ अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी ठरली. १९८७ मध्ये वॅडेल यांनी वेदनेत शरीराबरोबरच मन व सामाजिक परिस्थिती यांचाही वाटा असतो, असे प्रतिपादन केले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णशिक्षण व व्यायाम यांची शिफारस आहे. कंबरपट्टे, ताण देण्याचा उपचार व अफूजन्य औषधे नेहमीच्या वापरात टाळावीत, असे म्हटले आहे. ताप, वजनात घट, रात्री वाढणारी वेदना, पायांत येणारी दुर्बलता अथवा लघवी-शौचावरील नियंत्रण जाणे, ही लक्षणे असल्यास मात्र मणक्याचा क्षयरोग, अर्बुद किंवा तंत्रिकांवरील तीव्र दाब यांची तपासणी तातडीने करावी लागते.

कायद्याने या दुखण्याची दखल उशिरा व अपुरी घेतली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारांसाठी दिवसास ९ तास व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली, तसेच इजा होईल इतके ओझे उचलण्यास मनाई केली. त्यातील सूचनीय रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसरोग आला, पाठदुखी आली नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया तर कारखान्याच्या भिंतीबाहेरच होत्या. त्यांच्यासाठी १९७६ च्या अधिनियमाने कल्याण निधी उभारला गेला व त्यातून दवाखाने निघाले.

धुळीने पोखरलेले फुप्फुस क्ष-किरण चित्रात दाखविता येते. दुखणारी पाठ बहुधा दाखविता येत नाही. म्हणून तिची गणना आळसात किंवा वयात होत राहिली. टेकण असलेली बैठक, सुपाखाली योग्य उंचीचा आधार, तासातासाने उठून केलेली हालचाल व पाठ-पोटाच्या स्नायूंचे व्यायाम हे उपाय साधे व अल्पखर्ची आहेत. परंतु उठून घालविलेल्या वेळाची मजुरी बुडत असेल, तर ते कष्टकऱ्याला परवडत नाहीत. म्हणून पाठदुखीचा प्रतिबंध हा वैद्यकाइतकाच मजुरीच्या पद्धतीचाही प्रश्न ठरतो.