वॉकर, फुलर आणि टकर

वॉकर हे इंग्रजी आडनाव कानी पडले की, या घराण्याचा मूळ पुरुष मोठा पायी चालणारा असावा, असा तर्क सहज होतो. तर्क सरळ आहे, पण फसवा. त्या पुरुषाची वाट भिजलेल्या कापडावरून जात होती. आणि आपण विणकर असल्यामुळे त्याची कुळकथा ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

लोकरीचे कापड मागावरून उतरते तेव्हा ते विरळ व तेलकट असते. तेल निघून जावे आणि धागे परस्परांत गुंतून पोत दाट व्हावा, म्हणून मध्ययुगीन इंग्लंडात ते हौदात घालून पायांनी तुडवीत. पाण्यात आपल्या मुलतानी मातीसारखी माती घालीत. शिळे मूत्रही घालीत! वाचकांनी नाक मुरडू नये. उमरावांच्या अंगावरील उबदार बनात याच हौदातून निघे.

या कारागिरास उत्तरेकडे वॉकर, आग्नेयेस फुलर व नैर्ऋत्येस टकर म्हणत. धंदा एकच, नावे तीन. फुलर हा शब्द लॅटिनमधून आला. टकरच्या मुळाशी छळणे या अर्थाचे जुने क्रियापद आहे, आणि वॉकरच्या मुळाशी लोळविणे, उलथेपालथे करणे या अर्थाचे. त्या क्रियापदास चालणे हा अर्थ मागाहून चिकटला.

मौज अशी की, इ. स. 1185 मध्येच यॉर्कशायरात पाणचक्कीच्या लाकडी हातोड्यांनी कापड कुटले जात असल्याची नोंद आहे. आडनावे वंशपरंपरागत होत गेली ती मुख्यत्वे तेराव्या-चौदाव्या शतकांत. म्हणजे नाव घराण्यास चिकटेपर्यंत अनेक ठिकाणी पायांचे काम सुटले होते! पुढे वॉकरचा मुलगा खाटीक झाला, नातू पाद्री झाला, तरी नाव तेच राहिले.

आपल्यातील काही तरुणांनी धंदेवाचक आडनाव टाकून गावावरून नवे घेतले आहे. आम्ही त्यांस दोष देत नाही. येथे आडनाव उच्चारताच ऐकणारा जात ताडतो. वॉकरास हा जाच नव्हता. परंतु एक्झेटर शहरी विणकर, टकर व कापड कातरणारे यांच्या संघाची 1471 मधील वास्तू आजही उभी आहे, आणि तिला ‘टकर्स हॉल’ असेच म्हणतात.