पत्त्यांचा डाव : जुगाराच्या फडापासून घरच्या ओसरीपर्यंत

पत्त्यांचे नाव काढले की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. त्यांचे काही चुकते असेही नाही. गावाच्या पारावर, बंद दुकानाच्या फळीवर, ऊसतोडीच्या तळावर पत्त्यांचा फड बसला आणि आठवड्याची मजुरी एका रात्रीत गेली, ही कथा आपल्यापैकी कोणाला नवी नाही. त्या फडाची झळ पुरुषाहून अधिक त्याच्या पत्नीला व मुलांना लागते. म्हणूनच ‘पत्ता घरात नको’ असा दंडक पुष्कळ सज्जन कुटुंबांनी घालून घेतला. प्रस्तुत लेखात आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच की, या दंडकाने घराबाहेर गेले ते काय? जुगार गेला, की आईबापांनी मुलांबरोबर खेळण्याची एक चांगली रीत गेली? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी पत्त्यांचा इतिहास थोडा चाळून पाहणे उपयोगी ठरेल, कारण त्या इतिहासात ख्रिस्तसभेचाही वाटा आहे.

मठातील साक्ष आणि चौकातील होळी

पत्ते युरोपात जन्मले नाहीत, ते पूर्वेकडून तेथे गेले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील संग्रहात इजिप्तच्या मामलूक राजवटीतील हाताने रंगविलेले जुने पत्ते आहेत. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या अशी त्यांची चार चिन्हे, आणि वरच्या पत्त्यांवर राजा व त्याचे दोन नायब. माणसाचे चित्र मात्र त्यांवर नाही. हेच पत्ते पुढे इटली व स्पेनमध्ये रुळले आणि तेथे राजाला चेहरा मिळाला.

युरोपातील पत्त्यांचे पहिले सविस्तर वर्णन एका संन्याशाने केले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जर्मन प्रदेशातील फ्रायबुर्ग येथे राहणारे डॉमिनिकन संघाचे योहान्नस यांनी १३७७ मध्ये एक लॅटिन ग्रंथ लिहिला. चार चिन्हे, प्रत्येकाची तेरा पाने, एकूण बावन्न, हे आपल्या ओळखीचे गणित त्यांनी नोंदविले आहे. या खेळात त्यांना समाजाचे चित्र दिसले. राजा, सरदार, सेवक हे सारे आपापल्या जागी राहून एकमेकांचे कर्तव्य कसे शिकवितात, हे त्यांनी पत्त्यांच्या आधारे सांगितले. योगायोग असा की त्याच १३७७ साली इटलीतील फ्लॉरेन्स नगराने याच खेळावर निर्बंध घालणारा हुकूम काढला. एकाच वर्षी एकाला पत्त्यात बोधपाठ दिसला, तर दुसऱ्याला उपद्रव.

पुढे १४२३ मध्ये सिएनाचे संत बर्नार्दिन यांनी बोलोन्या नगरात जुगाराविरुद्ध प्रवचने केली. ती ऐकून लोकांनी आपले पत्ते व फासे आणून चौकात जाळले. एक पत्ते रंगविणारा कारागीर रडत संतांकडे आला आणि म्हणाला की, आता माझ्या मुलाबाळांच्या पोटाचे काय? संतांनी त्याला प्रभू येशूच्या पवित्र नामाचे चिन्ह रेखून दिले आणि पत्त्यांऐवजी ते रंगवावयास सांगितले, अशी आख्यायिका आहे. आम्हांला त्या होळीपेक्षा हा प्रसंग अधिक बोलका वाटतो. संतांनी वाईट सवय मोडली, पण माणसाला वाऱ्यावर सोडले नाही. काढून घेतलेल्या वस्तूच्या जागी त्यांनी दुसरे काही दिले.

क्रीडा हाही सद्गुण

जुगाराचा निषेध म्हणजे खेळाचा निषेध नव्हे, हे ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी पूर्वीच स्पष्ट केले आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात शरीराला जशी विश्रांती तशी मनाला क्रीडा, असे मत मांडले आणि विनोदबुद्धीला सद्गुणांत स्थान दिले. तेथेच त्यांनी शुभवर्तमानकार संत योहान यांची एक जुनी गोष्ट दिली आहे. योहान शिष्यांसह खेळताना पाहून काही जण दुखावले. तेव्हा त्यांनी त्यांतील एका धनुर्धाऱ्याला विचारले की, तू एकामागून एक बाण सोडतच राहशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहान यांनी त्याला दाखवून दिले.

प्रापंचिक भक्तांसाठी लिहिणारे संत फ्रान्सिस द सेल्स हे पत्त्यांविषयी कठोर होते, हे लपविण्याचे कारण नाही. बुद्धिबळासारखे कौशल्याचे खेळ त्यांनी चांगले मानले, फासे व पत्ते त्याज्य मानले. परंतु त्यांनी दिलेले कारण ध्यानात घ्यावे. ज्या खेळात लाभ मुख्यतः दैवावर अवलंबून असतो, तेथे श्रमाविना व बुद्धीविना दुसऱ्याचे धन घेतले जाते, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे बोट होते ते पैजेकडे. पैज काढून घेतली आणि डावात बुद्धी घातली, तर आक्षेपाचा कणा कोठे राहतो?

आपल्या भूमीवर

आपल्या देशातही पत्ते परदेशी गोऱ्यांनी प्रथम आणले असे नाही. मोगल बादशहा बाबर याने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफांचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या गंजिफांचे वर्णन अबुल फजल याने ‘ऐने अकबरी’त केले आहे. पुढे रूढ झालेला मोगल संच आठ रंगांचा व ९६ पानांचा होता. गंजिफांची पाने गोल असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा अशी बारा पाने. राणी तेथे नाहीच.

या खेळाला आपल्या लोकांनी आपले रूप दिले ते दशावतारी गंजिफांत. दहा अवतारांचे दहा रंग, एकूण १२० पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा डाव सुरू करावयाचा तो रामाच्या रंगाने, रात्री कृष्णाच्या. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी तर अर्ध्या रंगांत एक्का मोठा, अशी उलटीपालटी असल्याने खेळणाऱ्याची स्मरणशक्ती सतत जागी राहते. ज्या घरात लहान मुले आजोबांच्या शेजारी बसून हा खेळ पाहत, तेथे दहा अवतारांची नावे शिकविण्यासाठी वेगळी शाळा लागत नसेल.

एकोणिसाव्या शतकापासून छापील स्वस्त पत्ते बाजारात आले आणि हाताने रंगविलेली गंजिफा मागे पडली. तिला आधार दिला तो सावंतवाडीच्या राजघराण्याने. शिवरामराजे सावंत भोसले व त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडील विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवून ही कला पुन्हा उभी केली. चिंचोक्याची खळ, खडूची भुकटी आणि लाखेची झिलई ही त्या पानांची जुनी सामग्री. शिवरामराजे १९९५ मध्ये व सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या, परंतु काम चालू राहिले, आणि २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. एक विद्या एका म्हाताऱ्या हातात उरली होती. ती वेळीच दुसऱ्या हातात गेली म्हणून वाचली. घरातल्या खेळांचेही असेच असते.

दुसरीकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशी व शिपाई आपले पत्ते घेऊन पूर्वेकडे निघाले होते. ते पार जपानपर्यंत पोहोचले. जपानी भाषेत पत्त्याला आजही ‘कारुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कार्ता’च. याच जलमार्गाने १५४२ च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. त्यांचे चरित्रकार सांगतात की, जहाजावर संत जवळ येताना दिसले की खेळणारे शिपाई आपले पत्ते लपवू लागत. तेव्हा, तुम्ही शिपाई आहात, मठवासी नव्हेत, देवाचा अपराध होणार नाही अशा रीतीने खुशाल खेळा, असे म्हणून ते त्यांच्याजवळ बसत. ज्या माणसांशी पुढे पापनिवेदनाविषयी बोलायचे होते, त्यांच्या खेळात त्यांनी आधी मैत्रीने भाग घेतला.

घरच्या डावातील शाळा

मराठी घरात बावन्न पानांचा जोड आला आणि घरचा झाला. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही चार नावे, दुर्री-तिर्रीपासून दश्शीपर्यंतची लाडकी रूपे, ‘हुकूम’, ‘उतारी’, ‘हात करणे’ हे शब्द, इतकेच नव्हे तर कोसळणाऱ्या बेताला ‘पत्त्यांचा बंगला’ म्हणण्याची रीत, हे सारे आपल्या बोलण्यात मुरून गेले आहे. आपल्या वाचकांना हेही सांगावेसे वाटते की, फ्रान्समध्ये पत्त्यांवरील चित्रांना नावे देण्याची परंपरा आहे आणि तीत इस्पिकचा राजा म्हणजे पवित्र शास्त्रातील दावीद, चौकटची राणी म्हणजे राहेल, तर बदामची राणी म्हणजे यहूदीथ.

आता घरगुती डावांकडे पाहू. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘भिकार-सावकार’ पुरे. त्यात बुद्धीचा संबंध नाही, पान उलटावयाचे आणि नशीब पाहावयाचे. पण आजचा भिकारी पुढच्या डावात सावकार होतो, हे त्या वयात हसत कळणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘गुलामचोर’मध्ये एक गुलाम आधीच बाजूला काढून ठेवतात. जोड्या लावत गेल्यावर शेवटी बिनजोडीचा गुलाम ज्याच्या हाती राहील तो चोर. चेहऱ्यावर काही न दाखविण्याची धडपड करणारे मूल आणि मुद्दाम चोर होणारे आजोबा यांचे येथे चांगले जमते. ‘झब्बू’त हातातील पाने आधी संपवावयाची असतात. उतारीचा रंग जवळ नसला की झब्बू द्यावयाचा आणि मोठे पान टाकणाऱ्याने सारी पाने उचलावयाची. मोठे पान नेहमीच हिताचे नसते, हे मुलाला येथे कळते. ‘बदाम सात’मध्ये सत्तीच्या दोन्ही बाजूंनी क्रम लावत जाताना पहिलीतील मुलाची उजळणी आपोआप होते.

‘पाच-तीन-दोन’ हा तिघांचा डाव तर आम्हांला हिशेबाचा व नीतीचा उत्तम पाठ वाटतो. तीस पाने, दहा हात. ज्याच्याकडे पाच हातांची जबाबदारी त्याने हुकूम बोलावयाचा. कोणाचे हात कमी पडले, तर ज्याचे वाढले तो पुढच्या डावात त्याच्याकडून तितकी पाने ओढतो. कर्ज विसरले जात नाही, पण ते फेडून माणूस मोकळाही होतो. ‘मेंढीकोट’ हा चौघांचा, जोडीदारीचा डाव. चार दश्शांसाठी सारी झुंज असते. येथे आई आणि मुलगा जोडीदार होतात, आणि जोडीदाराने चुकीचे पान टाकले तरी त्याच्यावर न ओरडता डाव सावरावा लागतो. संसारात याहून वेगळे काय असते?

कोकणपट्टीत ‘तीनशे चार’ खेळतात. त्यात गुलामाचे तीस गुण, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे केवळ तीन आणि राणीचे दोन. एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. राजाहून सेवक मोठा ठरविणारा हा हिशेब ज्याने कोणी बसविला, त्याच्या मनात शुभवर्तमान नसेलही, पण ते ऐकत वाढलेल्या आमच्या मुलांना त्याची आठवण करून देण्यास काय हरकत आहे?

नवा फड

कायद्यानेही हाच भेद मानला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंध कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. परंतु पुढे याच शब्दाच्या आडोशाने रमी मोबाइलमध्ये शिरली आणि पैसे लावून खेळली जाऊ लागली. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कौशल्य की दैव हा वाद बाजूला ठेवून पैशांच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कायदा झाला म्हणून मोह संपला, असे मात्र कोणी समजू नये.

आम्ही अकोले परिसरातील कुटुंबांविषयी बोलतो आहोत, म्हणून येथील ऋतुमानाचीही आठवण देतो. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यात आषाढ-श्रावणात पाऊस दिवसचे दिवस उघडीप देत नाही. भाताची आवणी उरकली की माणसे घरात अडकतात, वीजही जाते. पूर्वी अशा संध्याकाळी ओसरीवर काही ना काही खेळ मांडला जाई. आता एका घरात चार माणसे चार कोपऱ्यांत चार पडद्यांकडे पाहत बसतात. पारावरच्या फडात निदान बाप कोठे बसला आहे हे घराला ठाऊक असे. खिशातला फड उशाशी असतो आणि बायको-मुलांना त्याचा पत्ता लागतो तो कर्ज झाल्यावर. आपण पत्ते घराबाहेर ठेवले, पण जुगाराला दार मोकळे राहिले, अशी ही स्थिती आहे.

यास्तव आमची विनंती अशी. घरात एक जोड असू द्यावा. संध्याकाळची प्रार्थना व जेवण झाल्यावर आठवड्यातून एखादा दिवस तास-दीड तास सर्वांनी गोल बसावे. काही नियम मात्र कडक असावेत. पैसा नाही, गंमत म्हणून चार आणेसुद्धा नाहीत. मोजणी करावयाची तर चिंचोके घ्यावेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुलाला खोटे खोटे जिंकू देऊ नये, आणि हरल्यावर चिडविण्याची मर्यादा मोठ्यांनी पाळावी. ठरलेल्या वेळी डाव मोडावा. ज्या घरात जुगाराने किंवा त्याच्या आठवणीने जखम झाली आहे, तेथे पत्त्यांचा आग्रह नको. सारीपाट, सोंगट्या, कॅरम आहेतच.

वधस्तंभाखाली प्रभूच्या झग्यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि पुढे प्रेषितांनी मत्थियाच्या निवडीसाठीही चिठ्ठ्याच टाकल्या. साधन एकच, पण एका ठिकाणी दुसऱ्याचे वस्त्र लुबाडण्याचा हेतू होता आणि दुसऱ्या ठिकाणी प्रार्थना होती. बावन्न कागदांनाही स्वतःचा धर्म नाही. ती पाने कोणाच्या हाती आहेत आणि मध्ये काय ठेवले आहे, यावर सारे ठरते. मध्ये पैसा ठेवला तर तो घर खातो. मध्ये केवळ एक कंदील असला आणि भोवती आजी, आईबाप व मुले असली, तर त्या उजेडात मुले हरावयास, थांबावयास आणि जोडीदाराला सांभाळून घ्यावयास शिकतात. ते शिकविण्याचे काम आईबापांचे आहे आणि या पावसाळ्यात त्यासाठी संध्याकाळी पुष्कळ आहेत.