बूलोनच्या खाटेवर

साल 1915, वसंत ऋतू. उत्तर फ्रान्समधल्या बूलोन बंदरातल्या कॅसिनोत तुम्ही डोळे उघडता. इथे आता जुगार चालत नाही, इमारतीचं लष्करी इस्पितळ झालं आहे. हवेत कार्बोलिकचा उग्र दर्प आहे आणि त्यालाही न जुमानणारा सडक्या मांसाचा वास.

तुमच्या उजव्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा आहे. आत शिरताना त्याने चिखलाने माखलेल्या विजारीची चिंधीही खोलवर नेली. आघाडीवरच्या शेतांना पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेलं, त्यामुळे मातीत धनुर्वाताचे आणि गॅस गँगरीनचे जंतू ठासून भरले आहेत. मार्चमध्ये न्यूव्ह शापेलला लढलेल्या हिंदी पलटणींच्या जखमांतही हीच माती गेली.

पण तुकडा लागला त्या क्षणापासून तुमचं शरीर लढतं आहे. तुटलेल्या रक्तवाहिन्या आकसल्या, रक्ताची गुठळी धरली. मांसात कायम वस्तीला असलेल्या भक्षक पेशींना फुटलेल्या पेशींतला ऐवज बाहेर सांडलेला कळला आणि त्यांनी रसायनं सोडून मदत मागवली. भोवतालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या, त्यांच्या भिंती सैल झाल्या. मांडी लाल, गरम आणि टरटरून सुजलेली आहे ती त्यामुळे. रक्ताबरोबर वाहत आलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या भिंतीवर घरंगळत मंदावतात, चिकटतात आणि दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून जखमेत उतरतात. जंतू गिळतात, मारतात आणि थोड्याच काळात स्वतःही मरतात. उद्या पट्टीवर जो पू दिसेल, त्यात बराच भाग यांचाच असेल. समोरचा जंतू यांनी पूर्वी पाहिलेला असावा लागत नाही. जन्मापासून अंगात असलेली प्रतिकारशक्ती ती हीच.

ही गोष्ट माणसाला समजली त्याला अजून फार काळ लोटलेला नाही. क्षणभर 1882 मध्ये, सिसिलीतल्या मेसिनाला जाऊन या. घरची मंडळी सर्कशीला गेली आहेत आणि प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले आहेत. तारामाशाच्या पारदर्शक अळीत ते काटे टोचतात आणि रात्र जागून काढतात. सकाळी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला असतो. याच वाटेवरच्या कामासाठी 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं.

बूलोनला परत या, तुमच्या मांडीचा निकाल अजून लागायचा आहे. सर्जन जखमेत कडक जंतुनाशक ओतायच्या तयारीत आहे. जंतू रसायनांनी मारा या लिस्टरच्या शिकवणीवर त्याची श्रद्धा आहे आणि ती प्रामाणिक आहे. याच इमारतीतल्या प्रयोगशाळेत मात्र अल्मरॉथ राइट आणि त्यांचे तेहतीस वर्षांचे सहकारी अलेक्झांडर फ्लेमिंग यांना त्याबद्दल शंका आहे. फ्लेमिंगनी काचेची नळी तापवून तिला पोकळ काटे काढले आहेत, म्हणजे फाटलेल्या जखमेतले कानेकोपरे झाले. नळीत जंतू असलेला द्रव भरून ओतून टाकला, मग जंतुनाशक भरलं, तेही ओतलं आणि ताजा द्रव भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा जंतूंनी भरलेली! जंतुनाशक कोपऱ्यांपर्यंत पोचतच नव्हतं. जिथे पोचत होतं, तिथे ते पांढऱ्या पेशींचाच बळी घेत होतं. आपलीच फौज आपण मारत होतो.

राइट यांनी तीव्र मिठाचं पाणी सुचवलं. त्यावर तेव्हाच वाद पेटला आणि तो उपाय टिकला नाही. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न मला त्या युद्धातल्या कितीतरी शोधांहून मोठा वाटतो: आपण जखमेला मदत करतो आहोत की तिची मदत हिरावून घेतो आहोत? उत्तर शस्त्रक्रियेत सापडलं. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, आणि रक्त नाही तिथे न्यूट्रोफिलही पोचत नाहीत. ते मांस आणि त्यातली चिंधी, माती कापून काढायची, जखम उघडी ठेवायची आणि स्वच्छ दिसली की मगच शिवायची. बेल्जियन सर्जन आंत्वान दपाझ यांनी ला पान इथे हाच मार्ग रुजवला. तुमचा पाय वाचायची खरी आशा या मार्गात आहे.

पण शरीराची हीच फौज कधी स्वतःवरही उलटते. ते पाहायला 2010 मध्ये, बॉस्टनला या. इथे प्रश्न एका मांडीचा नाही, जखमीचं सगळं अंग चेचलं गेलं आहे. जंतुसंसर्ग सापडत नाही, तरी ताप चढतो, रक्तदाब घसरतो, फुफ्फुसं सुजतात. संशोधक कार्ल हाउसर आणि सहकाऱ्यांनी त्याचं एक कारण दाखवलं. चेचलेल्या पेशींमधल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) रक्तात सांडतात. त्यांचे पूर्वज अब्जावधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जिवाणू होते आणि ती ओळख त्यांच्या डीएनएवर अजून शिल्लक आहे. न्यूट्रोफिल त्यांना शत्रू समजून तुटून पडतात आणि त्यात फुफ्फुसांसारखे धड अवयव होरपळतात.

आता आपल्या काळात, आपल्या रस्त्यावर परत या. अपघात दिसला तर जखमेत हळद, चहापावडर, तंबाखू भरू नका, जंतुनाशकाची बाटली ओतू नका. रुतलेली वस्तू उपटू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन करा. धनुर्वाताच्या लसीचं डॉक्टरांना आवर्जून विचारा.