एचआयव्ही प्रसाराचा जनुकीय माग

एचआयव्हीबाधितांच्या शरीरातील विषाणूंचे जनुकीय क्रम एकमेकांशी ताडून, संसर्ग सध्या कोठे वेगाने पसरतो आहे हे ओळखण्याची आणि तेथे तपासणी व उपचार तातडीने पोहोचवण्याची पद्धत. हा विषाणू स्वतःची प्रत काढताना वारंवार चुकतो आणि त्याच्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकराला ती चूक दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक रुग्णात त्याचा क्रम हळूहळू बदलत जातो. दोघांचे क्रम फारच जुळले, तर त्यांचे संसर्ग एकाच साखळीतले असण्याचा संभव असतो. यासाठी वेगळे रक्त घ्यावे लागत नाही. कोणते औषध लागू पडेल हे पाहण्यासाठी पोल जनुकाचा क्रम वाचलेला असतो, तोच वापरतात. अमेरिकेत ताज्या प्रसाराचा शोध घेताना क्रमांतील फरकाची मर्यादा ०.५ टक्का धरतात.

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या स्कॉट परगण्यातील ऑस्टिन हे सुमारे ४,२०० वस्तीचे गाव. ऑक्सिमॉर्फोन हे वेदनाशामक शिरेतून टोचून घेणाऱ्यांत तेथे २०१५ साली एचआयव्हीची साथ उसळली आणि नोव्हेंबरपर्यंत १८१ जण बाधित आढळले. त्यांपैकी १५९ जणांच्या विषाणूंचे क्रम मिळाले. १५७ एकमेकांच्या अगदी जवळचे निघाले. एकच वाण थोड्या काळात सुयांवाटे एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता. राज्यात वापरलेल्या सुया घेऊन नव्या देणाऱ्या केंद्रांना कायद्याची आडकाठी होती; मार्चमध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर झाल्यावर ती या परगण्यापुरती दूर झाली. साथ प्रथम लक्षात आली ती मात्र बाधितांशी बोलणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना, जानेवारीतच. क्रमांनी तिचे स्वरूप दाखवले, माणसांचे काम वाचवले नाही.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नवे क्रम येतील तसे आपोआप ताडून पाहणारी यंत्रणा उभारली गेली. जून २०१४ मध्ये तिने एका समूहात तीन महिन्यांत ११ नव्या रुग्णांची भर पडल्याचे टिपले. त्यांतील आठ जणांत औषधाला न जुमानणारा विषाणू होता.

क्रम जुळले म्हणून एकाने दुसऱ्याला लागण दिली असे सिद्ध होत नाही; मधला तिसरा माणूस कधी तपासलाच गेलेला नसतो. दोष ठरवण्यासाठी ही पद्धत वापरू नये. दोषमुक्तीसाठी ती बळकट साक्ष देऊ शकते. लिबियातील बेनगाझीच्या बालरुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना लागण झाली, त्याबद्दल पाच बल्गेरियन परिचारिका व एका पॅलेस्टिनी डॉक्टरला देहदंड सुनावला गेला. हे सहाजण मार्च १९९८ मध्ये कामावर येण्याआधीच तो वाण तेथे पसरू लागला होता, असे २००६ मध्ये क्रमांच्या अभ्यासातून दिसले. न्यायालयाने तरीही त्यांना पुन्हा दोषी ठरवले. सुटका जुलै २००७ मध्ये झाली.

उपचारासाठी दिलेले रक्त पाळतीसाठी वापरताना रुग्णाला बहुधा विचारलेले नसते. अमेरिकेतील अनेक राज्यांत एचआयव्ही संसर्गाशी निगडित फौजदारी कायदे आहेत, त्यामुळे ही माहिती पोलिसांच्या हाती जाईल ही बाधितांची भीती निराधार नाही. आधी संमती घ्या, अशी त्यांच्या संघटनांची मागणी आहे.